वलंदेजांच्या घरातली ऊब

घर तापवणे ही कल्पनाच आपल्याला थोडी परकी आहे. आपल्याकडे पौष-माघात काय ती थंडी. अंगावर गोधडी, अंगणात शेकोटी आणि सकाळी न्हाणीघरात पेटलेला बंब, एवढ्यावर माणसाचे भागते. घराच्या साऱ्या खोल्या तापत्या ठेवायच्या आणि त्यासाठी वर्षाचे सहा-सहा महिने काहीतरी जाळीत राहायचे, हे आपल्या हिशोबात बसत नाही. उत्तर युरोपात मात्र हा खर्च घरखर्चाच्या वहीत अगदी वरच्या ओळीवर असतो. तिथे भाकरीइतकीच ऊब लागते.

ही ऊब कोठून येते, तिचे पैसे कोणाला जातात, आणि तिची खरी किंमत कोण भरतो? या तीन प्रश्नांची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट नेदरलँड्सची. हे लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. आज्ञापत्रात टोपीकरांची जी नावे येतात त्यांत वलंदेज आहेत ना, ते हेच. वेंगुर्ल्याला त्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. त्या वलंदेजांच्या देशाने १९६३ नंतरच्या पाचसहा वर्षांत आपल्या घरांतला कोळसा आणि तेल बाहेर काढले व नैसर्गिक गॅस आत घेतला. इतक्या थोड्या काळात सबंध देशाच्या चुली बदलल्याचे दुसरे उदाहरण शोधावेच लागेल.

प्रथम आधीची स्थिती पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या डच घरात साधारणपणे एकच खोली तापलेली असे. बैठकीच्या खोलीत कोळशाची बंद शेगडी, तिचे धुराडे भिंतीतून वर गेलेले. सारे कुटुंब संध्याकाळी तिच्याभोवती जमायचे आणि झोपायला थंडगार खोलीत जायचे. कोळसेवाला पोती आणून टाकी. सकाळी उठून राख काढायची, बादलीने कोळसा आत आणायचा, विझत आलेला विस्तव पुन्हा जागवायचा, हे काम बहुधा घरच्या बाईचे.

पन्नासाच्या दशकात या शेगडीला प्रतिस्पर्धी आला, तो म्हणजे तेलाची शेगडी. तिच्या पाठीशी एक टाकी असे. टाकीतून तेल थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरे, तापून त्याची वाफ होई आणि ती वाफ पेटे. राख नाही, धूळ नाही, कान फिरवला की आच कमीजास्त. लोक खूष झाले. पण या सुखालाही एक शेपूट होते. तेलाचे पिंप मागच्या छपरीत. तिथून डब्यात तेल काढून रोज आत आणायचे. हाताला वास, कपड्यांना वास, सांडले तर जमिनीला वास.

हा वास मला पुस्तकातून समजावून घ्यावा लागला नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी रॉकेलचा पितळी स्टोव्ह होता. रेशनच्या दुकानावर रॉकेलची रांग धरणे हे माझे काम, आणि स्टोव्ह फुरफुरू लागला की पिन मारणे हेही माझेच. पुढे सिलिंडर आला. आईने त्या दिवशी सगळे स्वयंपाकघर धुऊन काढले, डबे पुसले आणि शेजारणींना चहाला बोलावले. सिलिंडर किती दिवस पुरतो, केवढ्याला पडतो, हे सगळ्यांनी विचारले. तो गॅस कोठून निघतो, हे आमच्यापैकी कोणीच विचारले नाही. या शेवटच्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता नेदरलँड्सच्या ईशान्य टोकाला जाऊ. ग्रोनिंगेन नावाचा हा प्रांत. जमीन सपाट, चिकणमातीची, शेतीला उत्तम. जुनी विटांची देवळे, मोठमोठी शेतघरे, आणि वर अफाट आकाश. या प्रांतातल्या स्लोख्तेरेन गावाजवळ, कोल्हाम येथे, एका शेतकऱ्याच्या जमिनीत १९५९ साली एक विहीर खोदली जात होती. खोदणारी कंपनी शेल आणि एस्सो या दोन बड्या तेलकंपन्यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीची. तिचे आद्याक्षरी नाव 'नाम'. शोध चालला होता तेलाचा. २२ जुलै १९५९ रोजी सुमारे तीन किलोमीटर खोलीवरच्या वालुकाश्मातून गॅस आला.

किती गॅस? आरंभी कोणाला नीट अंदाज नव्हता, आणि ज्यांना येत होता ते बोलत नव्हते. पहिला सरकारी आकडा होता ६० अब्ज घनमीटरांचा. १९६०च्या ऑक्टोबरात युरोपीय संसदेच्या सभेत लेमान्स नावाच्या एका बेल्जियन सदस्याने ३०० अब्जांचा आकडा उच्चारला आणि वर्तमानपत्रांचे कान टवकारले. पुढे मोजता मोजता हा साठा २,८०० अब्जांच्या घरात गेला. त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या वायुसाठ्यांत त्याची गणना झाली. म्हणजे मूळच्या अंदाजाच्या चाळीसपटीहूनही अधिक! शेतात हंडा सापडल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. पण हंडा काढू तितका मोठा होत जाण्याची गोष्ट विरळा.

हंडा सापडला की भांडण ठरलेलेच. मालक कोण, आणि विकायचे कोणाला? यातला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण आपल्या विषयाचे मर्म त्यात आहे. गॅस वीज निर्माण करणाऱ्या केंद्रांना व कारखान्यांना एकगठ्ठा विकणे सर्वांत सोपे होते. पण एस्सोच्या अमेरिकन माणसांचे म्हणणे वेगळे पडले. त्यांच्या देशात घरेच्या घरे गॅसवर तापत होती. ते म्हणाले, कारखानदार गॅसची तुलना स्वस्तातल्या जड तेलाशी किंवा कोळशाशी करील आणि तेवढेच पैसे देईल. घरातला माणूस मात्र तुलना करील ती चांगल्या, महाग तेलाशी, शिवाय राखेच्या आणि वासाच्या त्रासाशी. तो जास्त पैसे देईल आणि वर आभार मानील. तेव्हा विकायचे ते घरांना, आणि नुसते स्वयंपाकाला नव्हे, तर घर तापवायला.

गंमत बघा. घरांना तेल विकणाऱ्या याच कंपन्या, आणि घरांतले तेल काढून टाकणारा माल विकायला निघाल्या त्याही याच. आपल्याच दुकानातले एक गिऱ्हाईक मोडून दुसऱ्या खिडकीशी उभे करायचे, पण भाव असा लावायचा की दुकानाचे नुकसान होता कामा नये.

हा भाव कसा लावला, हे समजून घेण्यासारखे आहे. अर्थमंत्री यान विलेम डे पाउस यांनी १९६२ साली गॅसविषयीचे धोरणपत्र संसदेपुढे ठेवले. त्यातले तत्त्व थोडक्यात असे. गॅस जमिनीतून काढायला किती खर्च येतो, हे किंमत ठरवताना पाहायचे नाही. गिऱ्हाइकाला गॅस नसता तर जे इंधन घ्यावे लागले असते, त्याला किती पडले असते, ते पाहायचे. आणि गॅसचा भाव त्याच्या जवळपास ठेवायचा. साध्या भाषेत सांगायचे तर गॅसच्या पाटीवर किंमत लिहिली ती तेलाकडे पाहून. काढायला स्वस्त आणि विकायला तेलाच्या तोडीचा, असा हा माल. मधला जो प्रचंड फरक, तो नफा. त्यावर दर असा उतरता ठेवला की जो जास्त जाळील त्याला पुढचा घनमीटर स्वस्त पडावा. स्वयंपाकापुरता गॅस घेणाऱ्याने सगळे घरच गॅसवर तापवावे, ही त्यामागची युक्ती.

आता मालकीचा प्रश्न. १९६३च्या एप्रिलात 'गासयुनी' ही वाहतूक आणि विक्रीची कंपनी स्थापन झाली. तिच्यात शेलचा २५ टक्के व एस्सोचा २५ टक्के वाटा, सरकारचा स्वतःच्या नावाने १० टक्के, आणि उरलेला ४० टक्के सरकारी कोळसा खाणींच्या कंपनीचा. हो, कोळसा खाणींचा! देशाच्या दक्षिण टोकाला लिम्बुर्ग प्रांतात या खाणी होत्या. त्यांच्या भट्ट्यांतून निघणारा गॅस त्या नळांनी शहरांना विकीत, म्हणून त्यांना या धंद्याची माहिती होती. शिवाय त्यांच्या नावामागे सरकारला आपला निम्मा वाटा शांतपणे सांभाळता येत होता. ज्या गॅसमुळे कोळसा मरणार, त्या गॅसमध्ये कोळसा कंपनीच भागीदार. इतिहासात असे प्रसंग येतात तेव्हा नाटककारांना काही रचावे लागत नाही.

आणि मग नळ पडू लागले. ग्रोनिंगेनहून पश्चिमेला, दक्षिणेला, शेतांतून, कालव्यांखालून. १९६२-६३चा हिवाळा भयंकर कडक गेला होता. कालवे इतके गोठले की शेजारच्या फ्रिसलंडमध्ये १८ जानेवारी १९६३ रोजी अकरा शहरांची ती प्रसिद्ध, सुमारे २०० किलोमीटरांची बर्फावरची शर्यत झाली आणि थोडेच वीर ती पुरी करू शकले. असा हिवाळा अंगावर काढलेल्या माणसाला, तुझे सगळे घर तापेल, तुला काही उचलावे लागणार नाही, असे कोणी सांगितले तर तो काय म्हणेल?

पण नळ जोडला आणि काडी ओढली, इतके हे सोपे नव्हते. पुष्कळ शहरांत आधीपासूनच नळाचा गॅस होता, तो कोळशापासून केलेला. त्यात हायड्रोजन पुष्कळ आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही. नवा गॅस मुख्यतः मिथेन. त्याची उष्णता जुन्याच्या जवळजवळ दुप्पट, त्याला हवाही दुप्पट लागे, आणि त्याची ज्योत सावकाश चाले. जुन्या बर्नरवर तो पेटवला तर ज्योत एकतर पिवळी, धुरकट होई, नाहीतर बर्नर सोडून वर उचलली जाई. म्हणून प्रत्येक घरातले प्रत्येक बर्नर, त्याचे बारीक भोक, त्याची हवेची वाट बदलणे भाग होते. जुना गॅस दमट होता, नवा कोरडा. दमट गॅसने ओले राहणारे जुने सांधे कोरडे पडून गळू लागत, तेही पाहावे लागे. नव्या गॅसला स्वतःचा वास नाही, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळले.

काम मोहल्ल्यामोहल्ल्याने चाले. एका भागाचा गॅस बंद करायचा, नळांतला जुना गॅस जाळून टाकायचा, नवा भरायचा, आणि मिस्त्र्यांच्या टोळ्या घरोघर. ज्यांची शेगडी बदलण्याजोगी नसेल त्यांनी नवी घ्यायची. घरांतल्या तेलाच्या टाक्या गेल्या, छपरीतली पिंपे गेली, कोळशाच्या बादलीत लोकांनी फुलझाडे लावली. १९६८ अखेरीस देशातल्या जवळजवळ सर्व नगरपालिका नव्या गॅसला जोडल्या गेल्या होत्या. पुढे घरोघर भिंतीला पत्र्याचे चपटे रेडिएटर लागले. एका खोलीभोवती गोळा होणारे कुटुंब साऱ्या घरात पांगले. पोरे आपापल्या खोलीत अभ्यासाला बसू लागली. डच घराची रीतच बदलली म्हणा ना.

इथवरची गोष्ट सुखाची आहे, आणि ते सुख खोटे नव्हते. विषारी वायूची घरातली भीती गेली, शहरांची हवा सुधारली, बायकांच्या पाठीवरचे ओझे उतरले. इतिहास लिहिणाऱ्याने हे विसरता कामा नये. पुढे जे घडले त्यावरून मागच्या माणसांना मूर्ख ठरवणे सोपे असते, आणि ते बहुधा अन्यायाचे असते.

पण मी आरंभी विचारले होते की खरी किंमत कोण भरतो. तिचा पहिला हप्ता भरला लिम्बुर्गच्या खाणकामगारांनी. १७ डिसेंबर १९६५ रोजी हेर्लेन शहराच्या नाट्यगृहात नवे अर्थमंत्री योप डेन औल उभे राहिले आणि खाणी बंद होणार असे त्यांनी जाहीर केले. त्या वेळी खाणींत सुमारे ४५ हजार माणसे होती. मंत्र्यांनी वचन दिले की पर्यायी कामाची सोय झाल्याखेरीज खाण बंद होणार नाही. ते वचन पुरतेपणी पाळले गेले नाही. काही उद्योग आणले, सरकारी खाणींची कंपनी रसायनांकडे वळली आणि पुढे 'डीएसएम' म्हणून नावारूपास आली. पण प्रौढ वयाच्या पुष्कळ कामगारांना पुन्हा धड काम मिळाले नाही. शेवटची खाण १९७४च्या अखेरच्या दिवशी मिटली. तरीही एक गोष्ट नोंदवून ठेवा. मंत्री तिथे गेले होते. ज्यांचे नुकसान होणार त्यांच्या गावात, त्यांच्यासमोर उभे राहून त्यांनी ते सांगितले होते.

दुसरा हप्ता भरला स्वतः गिऱ्हाइकाने, आणि त्याला तो भरताना समजलाही नसेल. १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध पेटले. अरब तेलउत्पादक देशांनी नेदरलँड्सचा तेलपुरवठा तोडला. तेलाचे भाव भडकले. त्या नोव्हेंबरात रविवारी मोटारी बंद ठेवण्यात आल्या, मुलांनी मोठ्या हमरस्त्यांवर चाकांचे बूट घालून धावून घेतले. पंतप्रधान कोण होते? तेच डेन औल. आता कोणी म्हणेल, डच लोकांना काय चिंता, त्यांच्या पायाखाली गॅसचा समुद्र! पण भावाची गाठ बांधलेली होती तेलाशी. तेल महागले तसा गॅसही चढत गेला, जरी तो काढण्याचा खर्च जवळजवळ होता तेवढाच होता. तेलाने घर सोडले होते, पण घराच्या बिलातला मुक्काम सोडला नव्हता.

या वाढीचा मोठा भाग सरकारी तिजोरीत गेला. पेन्शने, भत्ते, रस्ते, शाळा यांना त्याचा हातभार लागला. दुसरीकडे गॅसच्या निर्यातीने चलन वधारले आणि इतर कारखानदारीला बाहेर माल विकणे जड जाऊ लागले. १९७७ साली 'इकॉनॉमिस्ट' या लंडनच्या साप्ताहिकाने या दुखण्याला 'डच आजार' असे नाव दिले. अर्थशास्त्राच्या वर्गात आजही ते शिकवतात. १९७६ साली एकट्या ग्रोनिंगेनच्या साठ्यातून सुमारे ८८ अब्ज घनमीटर गॅस काढला गेला, तो उच्चांक ठरला. एवढी घाई कशाला, असा प्रश्न पडेल. साठच्या दशकातल्या जाणत्या माणसांची समजूत होती की अणुशक्ती लवकरच इतकी स्वस्त होईल की जमिनीत ठेवलेल्या गॅसला कोणी विचारणार नाही. तेव्हा विकून मोकळे व्हा. उद्याविषयीची खात्री माणसाकडून आज काय काय करवून घेते!

आता तिसरा हप्ता. तो सर्वांत मोठा, आणि तो भरला ज्या जमिनीखालून गॅस निघाला त्या जमिनीवरच्या माणसांनी.

खोलवरच्या वालुकाश्माच्या रंध्रांत गॅस प्रचंड दाबाखाली होता. म्हणजे वरच्या तीन किलोमीटर खडकाचे ओझे पेलायला तो दगडाला मदत करीत होता. गॅस काढला तसा दाब उतरला आणि दगड दबू लागला. वरची जमीन सावकाश खचली. मध्यभागी ती ३० सेंटिमीटरहून अधिक खचली आहे. पण दगड सगळीकडे सारखा दबत नाही. त्यात जुन्या भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजूंवरचा ताण वाढत जातो आणि एके दिवशी भेग सरकते. हाच भूकंप. आकडा लहान असतो, पण तो अगदी उथळ असतो आणि वर मऊ चिकणमाती. त्या मातीवर विटांची घरे बांधली ती, इथे भूकंप होतच नाही, या भरवशावर.

१९८६च्या डिसेंबरात शेजारच्या प्रांतात आसेन शहरापाशी एक धक्का बसला. तिथले भूगोलाचे अभ्यासक मेंट फान डेर स्लाउस म्हणू लागले की हे गॅस काढण्याचे फळ आहे. त्यांची थट्टा झाली. १९९१ साली ग्रोनिंगेनमध्ये मिडेल्स्टुमपाशी धक्का बसला. १९९३ साली तज्ज्ञांच्या अभ्यासाने मान्य केले की गॅस काढणे आणि भूकंप यांचा संबंध आहे. मान्य केले, पण त्याबरोबर हेही धरून चालले की धक्के लहानच राहतील. पुढची वीस वर्षे गॅस निघत राहिला आणि भिंतींना पडलेल्या चिरांबद्दल घरमालक अर्ज लिहीत राहिले.

१६ ऑगस्ट २०१२ रोजी रात्री हौझिंगे गावाजवळ ३.६ प्रतीचा धक्का बसला, या भागातला सर्वांत मोठा. २०१३च्या जानेवारीत खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने सल्ला दिला की उत्पादन शक्य तितक्या लवकर कमी करा. त्या वर्षी उत्पादन कमी झाले नाही. ते वाढले, सुमारे ५४ अब्ज घनमीटरांवर गेले. २०१५ साली देशाच्या सुरक्षा मंडळाने अहवालात म्हटले की २०१३च्या आरंभापर्यंत निर्णय घेताना तिथल्या रहिवाशांच्या सुरक्षिततेचा विचारच झालेला नव्हता. हे वाक्य शांत सरकारी भाषेत आहे. पण ते सावकाश पुन्हा वाचावे. पन्नास वर्षांच्या जमाखर्चात हा रकानाच नव्हता!

त्या प्रांतात आज गेलात तर भिंतींना बाहेरून लाकडी टेकू दिलेली घरे दिसतील, पाडून नव्याने बांधलेली घरे दिसतील. धक्के लहानमोठे मिळून हजाराहून अधिक झाले. नुकसानीचे अर्ज लाखाच्या पलीकडे गेले. माणसांना सर्वांत जास्त कशाने थकवले? धक्क्यांनी नव्हे, तर अर्जांनी. आपल्याच घराची चीर गॅसमुळे पडली हे आपणच सिद्ध करीत बसायचे, एक तपासनीस एक सांगतो, दुसरा दुसरे. ज्याने सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला हे वर्णन करून सांगायला नको.

अखेर २०१८च्या मार्चमध्ये सरकारने ग्रोनिंगेनचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय केला. त्याच वर्षाच्या जुलैपासून नव्या घरांना सामान्यतः गॅसची जोडणी देणे बंद झाले. २०२२ साली युक्रेनवर रशियाने आक्रमण केले आणि युरोपात गॅसचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा पायाखालचा तो साठा पुन्हा उघडावा असा मोह पुष्कळांना झाला. सरकारने तो आवरला. २०२३च्या फेब्रुवारीत संसदेच्या चौकशी समितीने अहवाल दिला. त्याचे नावच बोलके आहे: 'गॅसच्या आधी ग्रोनिंगेनची माणसे'. या साठ्याने सरकारला साडेतीनशे अब्ज युरोंहून अधिक मिळवून दिले, आणि त्या भागातल्या माणसांचे हित मात्र पद्धतशीरपणे दुर्लक्षिले गेले, असा त्याचा निष्कर्ष. १ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्पादन थांबले आणि २०२४च्या एप्रिलात कायद्याने ते कायमचे बंद झाले. खाली अजून शेकडो अब्ज घनमीटर गॅस आहे. तो तिथेच राहायचा आहे.

आता डच घरे पुन्हा एकदा बदलू पाहत आहेत. गॅसकडून विजेच्या उष्णतापंपांकडे, कारखान्यांतून वाया जाणाऱ्या उष्णतेच्या नळांकडे. पण या वेळी काम फार सावकाश चालले आहे. साठीच्या दशकात जे पाच वर्षांत झाले ते आता का होत नाही? मला वाटते, कारण सरळ आहे. तेव्हा सुख आधी मिळत होते आणि किंमत मागाहून, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात भरायची होती. आता किंमत आधी आणि स्वतःच्या खिशातून भरायची आहे, आणि सुख होते तेवढेच राहणार आहे. अशा सौद्याला माणूस चटकन तयार होत नाही. यात डच माणूस आणि मराठी माणूस असा भेद नाही.

खाणकामगार आणि ग्रोनिंगेनचा शेतकरी या दोघांनीही एका देशाच्या उबेची किंमत मोजली. फरक एवढाच की एकाला ते तोंडावर सांगितले गेले आणि दुसऱ्याला तीस वर्षे सांगितलेच नाही. तोंडावर सांगितल्याने नुकसान टळते असे नाही. लिम्बुर्गचे टळले नाही. पण सांगितल्याने माणसाला भांडता येते, मोबदला मागता येतो, निदान आपल्या घराला चीर का पडली ते मुलांना सांगता येते. ज्याला सांगितलेच नाही त्याला आधी आपण खोटे बोलत नाही हे सिद्ध करावे लागते.

आमच्या घरी सिलिंडर आला त्या दिवसाची गोष्ट मी मघाशी सांगितली. आता शहरांतून नळाचा गॅसही येऊ लागला आहे, तो अधिक सोयीचा आहे आणि त्याने आपल्याही घरचे पुष्कळ कष्ट वाचले आहेत. तो घेऊ नये असे मी म्हणत नाही. मीही घेतला आहे. कंपनीचा माणूस जोडणी करायला आला तेव्हा दर किती, मीटर कुठे, बिल केव्हा येणार, हे मी विचारले. हा गॅस कोणाच्या अंगणातून येतो, हे मात्र माझ्या आईप्रमाणे मीही विचारले नाही. तो माणूस गेल्यावर ते लक्षात आले.